ढोरं ओढणं सोडलं, आता ड्रम ओढतोय

दरवर्षी ५ जूनला बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात रोपं लावतात. साहेब फावड्याला हात लावतो, फोटोवाला ‘सर, जरा इकडे’ म्हणतो, आणि मग भाषण सुरू होतं. वस्तीतल्या लोकांनी जबाबदारीनं वागावं. प्लास्टिक टाकू नये. पाणी जपून वापरावं. कापडी पिशवी न्यावी. आणि हे ऐकणारा कोण? ज्याच्या घरात पाणी हंड्यानं मोजतात, ज्याची बायको जुन्या साडीच्या पिशव्या शिवते, जो कंपनीत चालत जातो आणि चालत येतो, ज्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत एक पंखा आणि एक दिवा. च्यायला, याच्याइतका काटकसरीनं पृथ्वी वापरणारा माणूस दिल्लीच्या परिषदेत तरी सापडेल का?

पण दोस्तांनो, साहेबाला चार शिव्या हासडून हे संपादकीय उरकायचं नाही. ते फार सोपं आहे, टाळ्याही पडतात. जबाबदारी हा शब्द साहेबाच्या तोंडातून ओढून घेऊन आपल्या वस्तीत आणायचा आहे. तो आणला की पहिला प्रश्न आपल्यालाच विचारावा लागतो, आणि तो झाडांचा नाही.

आधी सालवड म्हणजे काय ते सांगतो, कारण दादर-वरळी-उल्हासनगरच्या आपल्या बऱ्याच पोरांना बोईसर म्हणजे फक्त लोकलच्या पाटीवरचं एक नाव. १४ ऑगस्ट १९४२ ला पालघरच्या कचेरीवर मोर्चा गेला. गोळीबार झाला. पाच जण पडले. त्यात एक सालवडचा सुकूर गोविंद मोरे. पालघरच्या पाचबत्तीला त्यांचं स्मारक आहे. ज्या गावचा पोरगा इंग्रजाच्या गोळीला छाती देतो त्या गावाला स्वातंत्र्यानं काय दिलं? १९६९ ला शेजारी तारापूरची अणुभट्टी आली, अमेरिकन बनावटीची. मग एमआयडीसी आली आणि भातखाचरांवर शेड उभ्या राहिल्या. रसायनं, रंग, औषधं, कापड, पोलाद. देशभरातून पोटासाठी माणसं आली आणि मिळेल त्या जागेवर पत्रे ठोकून राहिली. मराठवाड्यातून आली, विदर्भातून आली, बिहार-युपीतून आली. आपलीही आली. जिथं वास जास्त तिथं भाडं कमी. जातीनं जुन्या गावात वस्ती वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवली होती, इथं तेच काम भाड्यानं केलं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे मार्क दिले. तारापूरला मिळाले ९३.६९. देशात पहिला नंबर. आपल्या वाट्याला आलेला पहिला नंबर हाच.

कारखान्यांचं सांडपाणी एकत्र करून धुवायचं केंद्र आहे. त्याची ताकद बरीच वर्षं दिवसाला अडीच कोटी लिटरची होती आणि त्याच्याकडे पाणी त्याहून जास्त यायचं. जे पचत नाही ते माणूस ओकतो, केंद्रही ओकतं. ते जायचं नाल्यात, खाडीत आणि नवापूरच्या समुद्रात. नवापूर, दांडी, उच्छेळी, मुरबे, सातपाटी ही मच्छीमारांची गावं. सरकारनं २०२३ ला पापलेटला राज्यमाशाचा मान दिला, आणि सातपाटीचं पापलेट म्हणजे पापलेटांतलं नाव. मान दिला, पाणी नाही दिलं. शेवटी २०१६ ला अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित लवादात गेली. जानेवारी २०२२ मध्ये लवादानं शंभरावर कारखान्यांवर आणि त्या केंद्रावर कोट्यवधींची भरपाई बसवली. मोठ्या क्षमतेचं नवं केंद्रही आलं. सहा वर्षं लागली, पण जाळी विणणाऱ्या लोकांनी हे केलं. आपले पुढारी तेव्हा कमानीच्या उंचीवर आणि मिरवणुकीच्या डीजेवर बैठका घेत होते. पर्यावरण म्हणजे पक्षी बघणाऱ्या बामणांचा छंद, असं एक वाक्य आपल्याकडे फार चालतं. ज्याच्या फुफ्फुसात एमआयडीसी भरलीय त्यानं हे वाक्य म्हणावं म्हणजे कमाल आहे.

आता मुद्द्यावर येतो.

रात्री दोन वाजता टँकर निघतो. त्यात काय आहे हे ड्रायव्हरला सांगितलेलं नसतं, किंवा ‘पाणी आहे’ असं सांगितलेलं असतं. पुलाखाली, नाल्यावर, हायवेच्या कडेच्या खड्ड्यावर गाडी मागं घेतात, पाइप सोडतात, व्हॉल्व्ह फिरवतात. वीस मिनिटांत मोकळी. हेच पाणी कायद्यानं न्यायचं तर कंपनीला तळोज्याच्या धोकादायक कचऱ्याच्या केंद्रात पाठवावं लागतं. टनावर पैसे मोजावे लागतात. सोबत दहा नंबरचा फॉर्म लागतो, त्याच्या सात रंगांच्या सात प्रती, कोणाकडून निघालं, कोण घेऊन चाललं, कुठं पोचलं. ड्रायव्हरच्या लायसनवर धोकादायक मालाच्या प्रशिक्षणाची नोंद लागते. गाडीवर माल काय, फोन कुणाला करायचा याची पाटी लागते. रात्रीच्या टँकरला यातलं काही लागत नाही. लागतो फक्त एक पोरगा, ज्याला पैशाची नड आहे.

त्या नाल्यावर काय होतं ते ऐका. ६ जानेवारी २०२२ ला सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत असाच एक टँकर नाल्यात रिकामा केला. रसायन आपल्याच बाजूचं, तळोज्याहून गेलेलं, असं तपासात पुढे आलं. नाल्यातून वायू उठला आणि शेजारच्या कापड गिरणीतले सहा कामगार गुदमरून मेले. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनी नदीत टँकर सोडला, तेव्हा रात्रीतून शेकडो माणसं दवाखान्यात. म्हणजे गुजरातचं इकडे, इकडचं गुजरातला, आणि दोन्हीकडे नाल्याच्या काठावर झोपलेला माणूस एकच. तुमचा माझा चुलतभाऊ.

आणि व्हॉल्व्हवरचा हात? तोही आपलाच. मालक तिथं नसतो. मॅनेजर तिथं नसतो. दलाल फोनवर असतो. पाइप धरून उभा असतो तो आपल्या नाक्यावरचा, जयंतीला निळा फेटा बांधणारा पोरगा. हे छापू नये असं आमच्यातल्याच काहींचं म्हणणं पडलं. वस्तीची बदनामी होते म्हणाले. छापतोय.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी घेतलं, एवढं आपल्याला पाठ आहे. त्याच परिषदेत त्यांनी आपल्या लोकांना आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपण विसरत चाललो. मेलेल्या जनावराचं मांस सोडा. ढोरं ओढणं सोडा. गावाची घाण ही आपली जहागीर नाही. लक्षात घ्या, ते सोडणं म्हणजे पोटावर पाय होता. त्यात मांस होतं, कातडं होतं, बलुतं होतं. घरात दुसरं काही नव्हतं. तरी आपल्या आज्यांनी सोडलं. गावानं बहिष्कार घातला, दुकान बंद केलं, वाट बंद केली, काही ठिकाणी डोकी फोडली. मेलेलं ढोर गावात तीन-तीन दिवस सडलं आणि पाटलाला पहिल्यांदा कळलं की ही घाण कोणाची आहे. महारवतन कायद्यानं जायला १९५८ साल उजाडलं. माणसांनी मनातनं ते आधीच फेकलं होतं.

आता त्यांचा नातू रात्री कंपनीचं मेलेलं ढोर ओढतोय. फरक इतकाच की ढोराला वास होता, तो लांबून कळायचा. याला कधी वास असतो, कधी नसतो. आणि ढोर फक्त कुजायचं, हे विहिरीत उतरतं.

बुद्धानं उपासकाला जे पाच धंदे करू नको म्हणून सांगितले त्यात शस्त्रांचा, माणसांचा, मांसाचा, दारूचा आणि पाचवा विषाचा. सम्यक आजीविका विहारात म्हणायची आणि रात्री विष वाहायचं, हे जमत नाही. हे मी त्या पोराला म्हणून पाहिलं. तो हसला. ‘भाऊ, तू गोदीत सल्फर उतरवतोस तेव्हा बुद्ध कुठं असतो?’ बरोबर बोलला. मी जे उतरवतो त्याला कागद असतो, खूण असते, ते नाल्यात जात नाही, एवढंच मी म्हणू शकलो. मग तो म्हणाला, ‘मी नाही गेलो तर दुसरा जाईल.’ हे मात्र नीट ऐकायला हवं, कारण ते खरं आहे. एकट्यानं नाही म्हणणाऱ्याचं काम जातं आणि टँकरही जातो. आपल्या आज्यानं एकट्यानं नाही म्हटलं नव्हतं. सगळ्या वाड्यानं म्हटलं होतं, शेजारच्या गावच्या वाड्यानंही म्हटलं होतं, म्हणून पाटलाला दुसरा मिळाला नाही. सालवड, पास्थळ, कुंभवली, कोळवडे, सरावली, इकडे बोईसर, इथल्या टँकरवरच्या सगळ्या पोरांनी ‘कागदाशिवाय गाडी नाही’ असं ठरवलं पाहिजे. मराठी, भय्ये, आदिवासी, सगळ्यांनी. त्याला युनियन म्हणा, मंडळ म्हणा, काही म्हणा. पहिल्या महिन्यात ज्याची फेरी बुडेल त्याच्या घरी वस्तीनं शिधा पोचवला पाहिजे. जयंतीच्या वर्गणीतून पोचवा. डीजे एक रात्र कमी वाजेल.

मालकाला भाषणानं काही होत नाही. कोणी ओतायला मिळालं नाही की त्याला तळोज्याचा खर्च करावाच लागेल. पर्यावरण म्हणून सालवडला याहून मोठं काम मला दिसत नाही.

दुसरी गोष्ट ड्रमची. ही बायकांशी बोलायची गोष्ट आहे, कारण पाणी त्या भरतात.

माझी आत्या सालवडला राहते. दारात निळा ड्रम, दोनशे लिटरचा. पाणी त्यातच. मी विचारलं, ‘आत्या, यात आधी काय होतं?’ ती म्हणाली, ‘मला रे काय माहीत बाबा, भंगारवाल्यानं साबणानं धुऊन दिलाय. नवी टाकी केवढ्याला येते ती तू आण, मग मी ड्रम फेकते.’ तिचं चुकलं कुठं? नळ रोज आला असता तर तिला साठवायला लागलंच नसतं. वर सूर्या नदीवर धामणीचं धरण आहे, आदिवासींना उठवून, शेतीच्या नावानं बांधलेलं. त्याचं पाणी कारखान्यांना जातं, वसई-विरारला जातं, मीरा-भाईंदरसाठीही राखलंय. धरणाच्या खालची आत्या भंगारच्या ड्रमात पाणी साठवते.

पण ड्रमचं खरं काय ते तिला सांगायलाच हवं. हे प्लास्टिक दिसतं घट्ट, तरी काही रसायनं ते आत शोषून घेतं आणि नंतर थोडी थोडी पाण्यात सोडतं. साबणानं वरचं जातं, भिंतीतलं जात नाही. २०१६ च्या नियमात धोकादायक रसायन लागलेले रिकामे ड्रम हाच मुळात धोकादायक कचरा धरलाय. ते निर्धोक न करता भंगारात विकणं गुन्हा आहे. म्हणजे कंपनी आपला कचरा आत्याला विकते आणि वर पैसे घेते. ज्या ड्रमचं लेबल खरवडलेलं असेल तो घरात घेऊ नका. खाण्याच्या मालाचे ड्रम निराळे येतात, त्यावरचा छाप शाबूत असलेला बघून घ्या. आणि भंगारच्या धंद्यात आपलीच पोरं आहेत, त्यांनी लेबल खरवडणं तरी बंद करावं.

गोदीत मला कवितेचं काही मिळालं नाही, पण खुणा वाचायला मिळाल्या. त्या इथं देतो. ड्रमवर, टँकरवर चौकट उभी केल्यासारखा तिरका चौकोन असतो. कवटी आणि खाली दोन हाडं, म्हणजे विष. काचेच्या नळीतून थेंब हातावर आणि धातूवर पडतायत आणि दोन्ही खातायत, खाली ८ आकडा, म्हणजे आम्ल किंवा तसलंच जाळणारं. लाल चौकोनात ज्वाळा आणि ३, म्हणजे पेट घेणारा द्रव, जवळ बिडीही नको. निळ्या चौकोनात ज्वाळा दिसली तर त्यावर पाणी मारायचं नाही, पाण्यानंच ते भडकतं. आग लागली की आपली पोरं आधी बादली घेऊन धावतात, म्हणून मुद्दाम सांगतोय. ही चार चित्रं बुद्धविहाराच्या भिंतीवर रंगवा. पोस्टरवर पुढाऱ्यांची एवढी तोंडं रंगवतो, ही चार बसतील.

टाकीत उतरण्याबद्दलही. सांडपाण्याची टाकी, गाळाचा खड्डा, गटार साफ करायला कंत्राटदार कोणाला बोलावतो ते सांगायला नको. जात विचारत नाही, वस्ती विचारतो. गंधकाचा मळ असलेल्या पाण्यात आम्ल पडलं की कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू सुटतो. तो वाढला की नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं. माणसाला वाटतं वायू गेला. मग पहिला पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तो पडतो. मग तिसरा. मैत्री आहे, धाडस आहे, पण तीन प्रेतं होतात. दोरी आणि बाहेरच्या हवेचा मुखवटा असल्याशिवाय मागोमाग उतरू नका, भाऊ असला तरी. २०१३ चा कायदा संरक्षणाच्या साधनांशिवाय गटारात, सेप्टिक टाकीत माणूस उतरवायला बंदी करतो. सुप्रीम कोर्टानं २०१४ ला गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख द्यायला सांगितले. आकडा वाढला. उतरणारा बदलला नाही.

बाकी घरगुती गोष्टी थोडक्यात. तांब्यासाठी वायर जाळू नका. त्या काळ्या धुरात जे असतं ते आईच्या दुधापर्यंत पोचतं. सोलायला वेळ लागतो, पण सोललेल्या तांब्याला भावही बरा येतो. कंपनीतून आणलेल्या पेट्यांची लाकडं चुलीत घालताना त्यावर काय सांडलंय ते बघा. कापडी पिशवी आपण आधीपासून वापरतोच, तिचं कौतुक नको.

आणि कारखान्याच्या दरवाज्यावरची पाटी. हे फार थोड्या लोकांना माहीत आहे. सुप्रीम कोर्टाचा १४ ऑक्टोबर २००३ चा आदेश आहे की धोकादायक कचरा तयार करणाऱ्या कारखान्यानं मुख्य दरवाज्याबाहेर सहा फूट बाय चार फुटांची पाटी लावावी. आत कोणती रसायनं किती आहेत, सांडपाणी किती, धुरात काय, घन कचरा किती. काही ठिकाणी पाटी आहे पण रकाने कोरे. काही ठिकाणी झाडाच्या फांदीमागं. (कदाचित ते ५ जूनचं झाड असेल.) रविवारी दहा जण निघा, एक रस्ता घ्या, प्रत्येक दरवाज्यावर थांबा, वाचा, उतरून घ्या. वॉचमन हाकलील. तोही कंत्राटी, त्याच्याशी भांडू नका, रस्त्यावर उभं राहून वाचा. पाटी नसेल तर तेही लिहा. हे कागद घेऊन बोईसरच्या प्रदूषण मंडळाच्या कचेरीत जा आणि पोच घेतल्याशिवाय खाली उतरू नका. उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे.

एक शेवटची गोष्ट, माझ्या स्वतःच्या पोटाशी भिडणारी. वाढवणला बंदर होतंय. १९ जून २०२४ ला केंद्रानं मंजुरी दिली, शहात्तर हजार दोनशे वीस कोटींचं. ३० ऑगस्टला पंतप्रधानांनी पालघरला पायाभरणी केली. चौदाशे हेक्टरवर समुद्र भरणार. मच्छीमार वर्षानुवर्षं विरोधात उभे आहेत, आणि आपल्यातले काही म्हणतात, दलित पोरांना नोकऱ्या लागतील, आपण मधे पडू नये. मी गोदी कामगार आहे, मला खूश व्हायला हवं. पण १९८९ ला न्हावाशेवा सुरू झालं, कंटेनर आले, आणि आमच्या टोळ्यांनी पाठीवर वाहिलेला माल क्रेन उचलायला लागली. बाप-काका कायम होते, मी कंत्राटावर आहे. बंदर किती माणसं घेतं हे मला भाषणातून कळायची गरज नाही. सालवडला सत्तरच्या दशकात जे सांगितलं तेच आता वाढवणला सांगतायत, आणि सालवड तिथून फार लांब नाही. तिथल्या पोरांनी एकदा येऊन आत्याच्या दारातला ड्रम बघून जावा.

पुढच्या अंकासाठी कविता खूप आल्यात, पुरे. टँकरवर असलेल्यांनी, टाकीत उतरलेल्यांनी, ड्रम धुणाऱ्यांनी लिहून पाठवा. मोडकंतोडकं चालेल, हिंदीत चालेल, भोजपुरीत चालेल, वारलीत चालेल. तारीख, वेळ, जागा, पाण्याचा रंग, वास, गाडीचा नंबर. नाव छापणार नाही.